ताण कसा द्यावा

संत्र्याचा बगीचा वडिलांकडून मिळालेल्या, सासऱ्यांनी दिलेल्या किंवा नोकरीला कंटाळून विकत घेतलेल्या सगळ्या नवशिक्यांसाठी ही माहिती आहे. तिसऱ्या प्रकारच्या मंडळींनी अजून राजीनामा दिला नसेल तर वाचायची घाई नाही. दिला असेल तर सावकाश वाचा, आता वेळच वेळ आहे.

आधी दोन शब्द बदलून घ्या. आंब्याची बाग असते, द्राक्षाची बाग असते, आमच्याकडे मात्र बगीचा. आणि फळ ते संत्रं नाही, संत्रा. वरुडच्या दुकानात 'आमची संत्र्यांची बाग आहे' असं म्हणालात, की समोरचा तुम्हाला पुण्याचा समजतो आणि मोरचूद किलोमागे दहा रुपयांनी महागतो. जग या फळाला नागपुरी म्हणतं, २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही त्याच नावानं. झाडं सगळ्यात जास्त अमरावती जिल्ह्यात. आमच्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. कॅलिफोर्नियाला अमेरिकेचं वरुड म्हटल्याचं अजून कानावर आलेलं नाही. नवशिक्यानं या वादात पडू नये. राग शिल्लक ठेवावा, पुढे लागतो.

आता मुद्दा. हिवाळ्यात बगीच्यात काय करायचं? पाणी द्यायचं नाही. एवढंच. खालचं सगळं लिहावं लागलं ते हे एवढंच कोणाला जमत नाही म्हणून.

ताण म्हणजे काय

संत्र्याचं झाड मोकळं सोडलं तर वर्षातून तीनदा फुलायला तयार असतं. जून-जुलैत फुललं तर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त, जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया. सगळे बहार घेणारा माणूस पहिल्या वर्षी हुशार समजला जातो आणि चौथ्या वर्षी त्याच्या बगीच्यात सरपण मिळतं. म्हणून एक बहार धरायचा. आम्ही आंबिया धरतो. फूल फेब्रुवारीत, तोड दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरापर्यंत. तोड झाली की पाणी बंद. जमीन हलकी असेल तर महिना-दीड महिना, आमच्यासारखी काळी, भारी असेल तर दीड ते दोन महिने.

पाणी तुटलं की झाडाची वाढ थांबते. पानांनी शिजवलेलं अन्न नव्या फुटीवर उधळलं जात नाही, फांद्यांत साठून राहतं. वरून डिसेंबरची थंडी. मग ज्या डोळ्यातून एरवी नवती, म्हणजे नवी पालवी, निघाली असती, त्यातूनच पाणी मिळाल्याबरोबर फूल निघतं. म्हणजे झाडाला 'आता आपलं काही खरं नाही' असं वाटायला लावायचं, आणि ते तसं म्हणायच्या आत संक्रांत आणायची.

ताण बसला हे ओळखायचं कसं? शेतीच्या पुस्तिकेत दिलं आहे: पानं फिकी होतात, दुपारी मलूल पडतात आणि साधारण चौथा हिस्सा गळतात. नवशिक्याची पहिली अडचण इथंच. चौथा हिस्सा काढायला आधी एकूण किती ते माहीत पाहिजे, आणि झाडाची पानं मोजणारा माणूस गावात दिसला तर त्याचं लग्न जमत नाही. माझ्या वडिलांची रीत सोपी आहे. झाडाखाली उभं राहून वर पाहायचं. आभाळ दिसायला लागलं, की ताण बसला. आभाळातली घार दिसायला लागली, की जास्त झाला.

कमी पडला तर फुलाऐवजी नुसती नवती येते. बगीचा हिरवागार दिसतो, पाहुणे फोटो काढतात, व्यापारी मात्र बांधावरूनच परत जातो. जास्त झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळत येतात आणि झाड तो राग पुढच्या वर्षीही काढतं.

ताण कोण तोडतं

पाणी न देणं हे एकट्याचं काम नाही. त्यात अख्खं घर आणि निम्मं गाव लागतं.

पहिलं विजेचं पाहू. वर्षभर आम्ही थ्री फेजसाठी रात्री दोन-दोन वाजता मोटारीशी जाऊन बसतो. एप्रिलात झाडं खरोखर मरायला टेकलेली असतात, तेव्हा लाइन येते आणि आम्ही स्टार्टरपर्यंत पोचेपर्यंत जाते. डिसेंबरात मात्र ती सकाळी येते, संध्याकाळपर्यंत राहते, आणि मोटारीच्या खोलीतला दिवा असा पेटलेला दिसतो की हात शिवशिवतात. ऑटो काढून ठेवा. ऑटो म्हणजे लाइन आली की मोटार आपोआप सुरू करणारा डबा. तो काढायचा विसरलात तर बाकीचं वाचायची गरज नाही.

दुसरी, घरातली माणसं. आमच्या बगीच्यात खोलीच्या दाराशी एक झाड आहे. माझी आई मजूर बायांबरोबर तिथं चहा करते आणि भांडी विसळलेलं पाणी त्या झाडाच्या आळ्यात टाकते. ताण आहे, हे तिला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. "हे का मोटारीचं पाणी हाय का?" असं ती विचारते. त्या झाडाला कोणताच बहार लागू नाही. ते वाटेल तेव्हा फुलतं, आणि गावात कोणाकडे संत्रा नसतो तेव्हा घरच्यापुरती पाचपंचवीस फळं देतं. बाबा त्या झाडाकडे पाहत नाहीत.

तिसरे शेजारी. पलीकडचा बगीचा आमच्या काकाजींचा. ते मृग धरतात. डिसेंबरात त्यांच्या झाडांवर फळ असतं, त्यांना पाणी द्यावंच लागतं, आणि त्यांच्या पाइपाचा एक जोड नेमका आमच्या बांधाला आहे. तो गळतो. कधीपासून गळतो, यावर दोन मतं आहेत. मी दर डिसेंबरात जाऊन सांगतो, "काकाजी, तेवढा जोड बांधून घ्या ना." ते म्हणतात, "बांधतो ना बाप्पा. पण तुमचे झाडं काहून वाळवून राहिले? पाप लागते." बांधाकडची सहा झाडं यामुळे आमची असूनही मनानं त्यांच्याकडे झाली आहेत.

नवशिक्यानं यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. एकाच बगीच्यात अर्धा मृग नि अर्धा आंबिया धरायचा मोह फार होतो, म्हणजे एक भाव पडला तर दुसरा तारेल. मग डिसेंबरात एका ओळीला पाणी नि शेजारच्या ओळीला उपास, आणि मुळं जमिनीखाली ओळी पाळत नाहीत. वाटणी झालेल्या भावांना हे जास्त लवकर समजतं.

चौथं आभाळ. डिसेंबरात ढग येतात, धुवारी पडते, कधी चांगला तासभर पाऊसच लागतो. तुरीवाला रडतो, हरभरेवाला हसतो, कापूसवाला ताडपत्री शोधतो. आपण नुसतं पाहायचं. भारी जमिनीत ताण नीट बसत नसेल तर वाढ रोखणारं संजीवक फवारायची शिफारस आहे. कृषी केंद्रात जाऊन प्रमाण विचारा, पण कोणतंही एकच दुकान धरा. तीन दुकानांत विचारलंत तर तीन बाटल्या घेऊन याल.

पाचवा, आणि सगळ्यात धोक्याचा, चांगल्या मनाचा पाहुणा.

माझा भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. मागे एकदा ३१ डिसेंबरला तो चार मित्र घेऊन आला. आम्ही गोवऱ्यांवर रोडगे लावले, वांग्याची भाजी केली, पोरं रात्री बगीच्यात शेकोटीशी बसली, सगळं छान झालं. सकाळी मी वरुडला गेलो, बाबा देवळात. अकराच्या उन्हात त्या पोरांना झाडं दिसली. पानं लोंबलेली, खाली पानांचा सडा. लाइन होतीच. डिसेंबरातली लाइन ती, जानेवारीच्या पहिल्या तारखेलाही होती.

मी आलो तेव्हा भाचा पाइप गुंडाळत होता. "मामा, नव्या वर्षाची सुरुवात चांगल्या कामानं केली. अकरा झाडांना मनसोक्त पाणी दिलं. तुमच्याकडे कोणी लक्षच देत नाही का?"

आमच्याकडे भाच्याला रागवायची पद्धत नाही. मी म्हटलं, "छान केलं." बाबा आले, ओली आळी पाहिली, धुऱ्यावर बसले आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्या अकरा झाडांचा ताण महिन्यातच तुटला होता. काही फांद्यांना लवकर फूल आलं, काहींना नवती, काही तशाच राहिल्या. पुढे तोडीच्या वेळी एकाच झाडावर लिंबाएवढा, चेंडूएवढा आणि पिकून सुटलेला असा तिन्ही माल होता. व्यापाऱ्यानं विचारलं, "बाकी बगीचा तर एकसारखा हाय. या ओळीले काय झालं?"

"नवीन वर्ष झालं," बाबा म्हणाले.

मधल्या काळात हाताला काम

पाणी न देता बसून राहणं माणसाला जमत नाही, म्हणून जुन्या लोकांनी हिवाळ्यात कामं लावून दिली आहेत. पहिलं सल काढण्याचं. तोड झाल्यावर झाडात वाळक्या काड्या राहतात, ती सल. सिकेटरनं किंवा आरीनं कापायची, आणि कापताना खालचा दोन-तीन सेंटीमीटर हिरवा भागही घ्यायचा, नाहीतर रोग फांदीत राहतो. मग बुरशीनाशक फवारायचं. काम कंटाळवाणं आहे, काट्यांनी हात फाटतात, आणि झाडाच्या आत डोकं घातल्यावर कळतं की तोडणाऱ्या टोळीनं किती फळं मागे ठेवली आहेत. ती खायची. बगीचेवाल्याचं खरं उत्पन्न ते.

दुसरं बोर्डो मलम. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या बादल्यांत भिजवायचे, बादल्या प्लास्टिकच्या. लोखंडाची घेतलीत तर बादली जाते आणि औषधही. दोन्ही एकत्र केल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून पाहायचा. विळ्यावर तांबडा थर चढला तर चुना कमी आहे, आणखी टाका. मग बुंध्याला जमिनीपासून मीटरभर ब्रशनं लावायचं, डिंक्या रोगासाठी. हे पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करायचं असतं. 'पावसाळ्यानंतर' या शब्दाचा अर्थ आमच्या घरी डिसेंबर असा आहे.

या मलमाची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद-चुन्याचं निळं पाणी मारत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडच्या वेलींवर केवडा रोग नाही, आतल्या वेली मात्र गेल्या. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली ते औषध म्हणून जगाला सांगितलं. म्हणजे आज आपण बुंध्याला फासतो ते मुळात चोराला भिववायचं पाणी आहे. आमच्या रस्त्याकडच्या ओळीवर मीही एका वर्षी उरलेलं पातळ करून पानांवर मारलं. संत्रा गेलाच, वर कोणीतरी जाताना खोलीबाहेरची प्लास्टिकची बादली नेली.

तिसरं शेणखत. मोठ्या झाडाला ५० किलो. आमची झाडं ३००, सहा बाय सहा मीटरवर, पावणेतीन एकरांत. गुणाकार करा: १५,००० किलो. आता गावात गुरं मोजा. ही दोन उत्तरं जुळवण्याच्या कामाला आमच्याकडे हिवाळा म्हणतात.

नव्या वर्षाचे बेत

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कृषी केंद्रवाला डायरी देतो. पुठ्ठ्यावर कीटकनाशकाची जाहिरात, आत तारखा, आणि पहिल्या पानावर 'संकल्प' असं छापलेलं. नवशिक्यानं बेत मांडायला इथूनच सुरुवात करावी. लिहिताना पेन्सिल वापरावी, म्हणजे पुढच्या वर्षी खोडरबरानं फक्त सालाचा आकडा बदलता येतो. माझ्या संकल्पांत माती परीक्षण हे पहिलं. माती मी खरंच काढली होती, किलोभर, पिशवीत बांधून चिठ्ठीसकट. आईनं तीत तुळस लावली.

दुसरा बेत नांग्या भरण्याचा. मेलेल्या झाडांच्या जागी नवी कलमं, शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेतून, जंभेरी खुंटावरची. आमच्या तीनशेंत आज एकोणीस नांग्या आहेत. बाबांच्या हिशेबात त्या जागा रिकाम्या नाहीत; ते अजून 'बोराजवळचं', 'काकाजीकडचं', 'तुझ्या लग्नाच्या साली वाळलेलं' अशी नावं घेतात. संत्र्याचा बगीचा वीस-पंचवीस वर्षं चांगला चालतो. आमच्याला अठ्ठावीस झाली. सगळा काढून नवा लावावा, असं मी दर जानेवारीत लिहितो आणि ते पान उघडं ठेवून कधीच उठत नाही.

तिसरा बेत पाण्याचा, आणि तो विनोदाचा नाही. वरुड-मोर्शीत बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत. पाण्यावर श्रीमंत झालेला मुलूख पाणी उपसून उपसून कोरडा झाला. डिसेंबरात आपण झाडांना जो ताण देतो तो तारीख पाहून, मोजून दिलेला. एप्रिल-मेचा ताण कोणी दिलेला नसतो. तेव्हा टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवतात, आणि ज्याला ते परवडत नाही तो कुऱ्हाड घेतो. म्हणून ठिबक दुरुस्त करा, आळ्यांत पालापाचोळ्याचं आच्छादन टाका, आणि नवीन बोअरचा बेत डायरीत लिहिण्याआधी शेजाऱ्याचा बोअर किती फुटांवर आटला ते विचारा. काकाजी खरं सांगणार नाहीत, पण आकडा कोणत्या बाजूला खोटा आहे ते कळतं.

चौथा बेत मालाचा. व्यापारी झाडावरचा माल उभ्या उभ्या पाहून उक्ता मागतो किंवा हजारी भाव बोलतो. हजारातली शंभर फळं चुरी, म्हणजे बारीक माल, म्हणून बाजूला काढतो तेव्हा आपण दुसरीकडे पाहायचं नाही, हे लिहून ठेवा. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवल्यापासून तर भाव सांगताना तो आधी जगाचं राजकारण सांगतो. ऐकून घ्या. चहा मात्र भाव ठरल्यावरच पाजा.

ताण तोडणे

संक्रांतीच्या सुमाराला, आभाळ दिसतंय पण घार दिसत नाही अशा दिवशी, पाणी सोडायचं. त्याआधी आळी चाळून खत टाकून ठेवलेलं असावं. बाया मिळणार नाहीत, त्या हळदीकुंकवाला असतात. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी आपण चकित होतो.

पहिलं पाणी हलकं. त्याला आंबवणी म्हणतात. चार-सहा दिवसांनी दुसरं, थोडं जास्त, ते चिंबवणी. त्यानंतर नेहमीच्या पाळ्या. हे दोन शब्द पाठ करा, कारण दीड महिना उपाशी ठेवलेल्या झाडाकडे पाहून कोणाही माणसाला पहिल्याच दिवशी भरपेट वाढावंसं वाटतं. तसं केलं तर झाड फूल सोडून नवतीच्या मागे लागतं. उपास सोडताना आजीनं पहिल्यांदा नुसतं लिंबू-पाणी का दिलं होतं, ते आठवा.

लाइन अर्थातच आता रात्रीची झालेली असते. डीपी जळाली नसेल तर बारानंतर केव्हातरी मोटार धरते. बॅटरी घेऊन आळ्याआळ्यानं फिरायचं, पायाला बर्फासारखा चिखल लागतो, आणि पाणी पहिल्या झाडाच्या मुळाशी पोचतं तेव्हा सुकलेली माती ते पिताना बारीक फुटफुट आवाज करते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना रात्री येऊ द्यायचं नाही, असं आम्ही ठरवतो. पहिल्या आळ्याशी गेलो की ते तिथं आधीच उभे असतात.

मग वीस-पंचवीस दिवस काही दिसत नाही. त्यानंतर डोळ्यांतून हिरवे ठिपके डोकावतात, मोहरीएवढे. ते फूल आहे की नवती, हे आणखी काही दिवस कोणालाही सांगता येत नाही. आई म्हणते फूल. काकाजी बांधावरून ओरडून सांगतात नवती. भाचा पुण्याहून फोटो मागवतो आणि मोबाइलला विचारून 'लीफ' म्हणून कळवतो. या काळात नवशिक्यानं एकच पथ्य पाळावं: डोळा नखानं उकलून पाहू नये. त्यानं तो डोळा जातो, आणि कळत तर काहीच नाही. घरात सगळ्यांना बाबांनी हे बजावून सांगितलं आहे.

परवा संध्याकाळी ते बगीच्यातून आले. अंगठ्याचं नख हिरवं होतं.

"पाह्यलं का काही?" मी विचारलं.

"कायचं?" म्हणाले, आणि हात धुवायला गेले.